विमट्यूटर रिव्ह्यू: फाइलमधे फिरायला मस्त शिकवतो, सेटिंगचं मात्र शेवटी उरकून टाकलंय

एडिटर शिकायचा म्हटलं की लोक आधी व्हिडिओ लावतात. तासभर दुसराच कोणीतरी टाइप करतो, आपण मान हलवतो आणि व्हिडिओ संपला की बोटांना काहीच आठवत नाही. म्हणून टीममधे नवीन आलेल्या कोणी विचारलं की मी आधी विमट्यूटर, म्हणजे विम या फक्त कीबोर्डवर चालवता येणाऱ्या एडिटरचा सरावाचा धडा, करायला लावतो, बाकी सगळं नंतर. विम टाकलं की हा सोबतच येतो, टर्मिनलमधे विमट्यूटर एवढं टाइप करून एंटर मारायचं, झालं. काही लिनक्सवर सुरुवातीला विमची कापलेली छोटी आवृत्ती असते, तिच्यात हा सापडत नाही, मग पूर्ण पॅकेज टाकून घ्या.

यातली खरी युक्ती अशी की धडा वाचायचा नसतो, धडाच एडिट करायचा असतो. समोर जी फाइल उघडते तीच पुस्तक आणि तीच वही, आणि ती मूळ फाइलची कॉपी असते त्यामुळे कितीही खराब केली तरी काही बिघडत नाही. पहिल्याच धड्यात गायीने चंद्रावरून उडी मारल्याचं एक वाक्य आहे, पण त्यातली अक्षरं मुद्दाम दोनदा तीनदा टाइप केलीयत, आणि तुम्ही एक्स दाबत दाबत जास्तीची अक्षरं उडवायची. खाली बरोबर वाक्य काय दिसायला हवं ते असतंच. पुढे एका कवितेत मधेच भलत्या ओळी घुसवल्यात, चिखल मजेशीर असतो, माझ्याकडे गाडी आहे, घड्याळ वेळ सांगतं वगैरे. पहिली भलती ओळ डी डी मारून काढायची आणि मग दोन आकडा लावून डी डी, की उरलेल्या दोन ओळी एका झटक्यात गायब. तेव्हाच कळतं की आकडा, कृती आणि कुठपर्यंत जायचं हे तीन तुकडे जोडले की कमांड तयार होते. डी म्हणजे काढा, डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, डॉलर म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत, आणि मग डीच्या जागी सी ठेवलं की तेवढंच काढून लगेच टाइपही करता येतं. ही जोडाजोड दुसऱ्या तिसऱ्या धड्यात डोक्यात बसते आणि इथेच या ट्यूटरचे पैसे वसूल (पैसे लागत नाहीत ते सोडा).

कर्सर डावीकडे, खाली, वर, उजवीकडे न्यायला विममधे एच जे के एल ही अक्षरं दाबतात, त्यावरून सगळे कुरकुरतात, बाण असताना हे कशाला म्हणून. कारण जुनं आहे. विमच्या आधीचा व्हीआय हा एडिटर बिल जॉयने १९७६ च्या सुमाराला ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला त्याच्या कीबोर्डवर याच चार अक्षरांवर बाण छापलेले होते, आणि एस्केपचं बटण (टाइप करणं थांबवून परत कमांड द्यायला लागतं ते) आज टॅब असतं तिथे होतं. म्हणून तेव्हा एस्केप सारखं दाबायला सोपं होतं आणि आज करंगळी ताणावी लागते. ट्यूटर यातलं काही सांगत नाही, जे हे अक्षर खालच्या बाणासारखं दिसतं एवढीच आठवण देतो आणि पुढे सरकतो. कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस दाबला तरी एस्केपचंच काम होतं हे नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगायला हवं, ते मी तोंडीच सांगतो. आणि हो, सुरुवातीलाच कॅप्स लॉक बंद आहे का बघा अशी सूचना आहे ती खरंच वाचा, कारण मोठा जे दाबला की खाली जायच्या ऐवजी दोन ओळी जोडल्या जातात आणि माणूस म्हणतो माझा कीबोर्ड वेडा झालाय.

बाहेर कसं पडायचं हेही पहिल्याच धड्यात आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा विममधून बाहेर कसं पडू हा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाख वेळा बघितला गेला होता, म्हणजे किती लोकांनी पहिला धडासुद्धा केला नाही बघा.

शोधण्याचा चौथा धडाही चांगला आहे, स्लॅश मारून शब्द शोधा, एनने पुढचा, टक्के चिन्हाने जोडीचा कंस, आणि कंट्रोल ओने जिथून आलो तिथे परत. हे शेवटचं लोक विसरतात आणि मग फाइलमधे हरवतात.

आता तक्रारी. आधीच्या बदलाची पुनरावृत्ती करणारं टिंब या सात धड्यांत नाही, जे माझ्या मते विममधलं सगळ्यात कामाचं बटण आहे. ओळीतल्या एखाद्या अक्षरावर थेट उडी मारायचं एफ नाही, कर्सर शब्दाच्या मधे असताना अख्खा शब्द बदलायचं सी आय डब्ल्यू नाही. हे तीन ज्याला शिकवाल तो आठवड्यात वेगळाच दिसायला लागतो, त्यामुळे ट्यूटर संपला की लगेच हे तीन द्या, प्लगिन नका देऊ.

पण मोठी तक्रार सेटिंगबद्दल. सहाव्या धड्यात सेट आयसी करून शोधताना लहान मोठं अक्षर एकच धरायला शिकवतात, मस्त, पण विम बंद केलं की ते सेटिंग गेलं. ते कायमचं कसं ठेवायचं हे सातव्या धड्यात येतं, तेही थोडक्यात: विमआरसी नावाची फाइल उघडा, सोबतची नमुना फाइल त्यात ओता, सेव्ह करा, आपल्या आवडीची सेटिंग यात टाका. का ओतायची ते नाही. आणि नेमकी गोम तिथेच आहे. विम ८ पासून, तुमची स्वतःची विमआरसी नसेल तर विम आपणहून डिफॉल्ट्स नावाची फाइल वाचतं, म्हणून रंग दिसतात, शोधताना टाइप करता करता जुळणी दिसते. तुम्ही स्वतःची विमआरसी बनवली की डिफॉल्ट्स वाचणं बंद. मग सातवा धडा गाळलेला माणूस नेटवरून सेट नंबर ही एकच ओळ उचलून नवीन फाइलमधे टाकतो, ओळींचे आकडे येतात आणि रंग जातात, आणि त्याला वाटतं आकड्यांमुळेच गेले. धडा नीट केलेला माणूस यातून बचावतो कारण नमुना फाइल स्वतःच डिफॉल्ट्स आत घेते, पण आपण का बचावलो हे त्यालाही माहीत नसतं. दोन वाक्यं जास्त लिहिली असती तर काय बिघडलं असतं?

त्यामुळे मी विमआरसीत पहिली ओळ डिफॉल्ट्स सोर्स करणारी, म्हणजे ती फाइल आत घेणारी, टाकायला लावतो (ती कशी लिहायची ते विमच्या हेल्पमधे डिफॉल्ट्स शोधलं की सापडतं), खाली नंबर, इग्नोरकेस (वरचं आयसी तेच) आणि स्मार्टकेस, बस. स्मार्टकेसने शब्दात एक जरी मोठं अक्षर टाइप केलं तरी शोध काटेकोर होतो. पुढची ओळ तेव्हाच टाकायची जेव्हा ती आपल्याला समजते, कोणाची तीनशे ओळींची विमआरसी चिकटवली की काही बिघडल्यावर कुठल्या ओळीने बिघडवलं तेच शोधत बसावं लागतं.

नीओविम ही विमवरूनच निघालेली आवृत्ती वापरणाऱ्यांना कोलन लावून ट्यूटर लिहिलं की असाच धडा मिळतो, त्यात ओळ बरोबर झाली की बाजूची फुली जाऊन बरोबरची खूण येते, हे नवशिक्यांना भारी आवडतं, आणि डिफॉल्ट्सची वरची भानगड तिथे नाही. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरचाही स्वतःचा ट्यूटोरियल आहे, कंट्रोल एच आणि मग टी, फिरणं शिकायला तोही छान, पण तिथेही सेटिंग शिकायला दुसरीकडेच जावं लागतं.

हे धडे मुळात कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या मायकल पियर्स आणि रॉबर्ट वेअर यांनी लिहिले, विमसाठी ते बदलून घेतले विम बनवणाऱ्या ब्रॅम मूलेनार यांनी. वेळ अर्धा तास सांगितलाय, पण नवीन माणसाला खेळत खेळत जास्त लागतो, लागू दे. माझ्या मते एकदा करून तीन-चार दिवसांनी परत करायचा, दुसऱ्यांदा मजकूर न वाचता नुसत्या चुका दुरुस्त करत जायचं.

शिकवण्याला पाचपैकी साडेचार, सेटिंगच्या भागाला दोन. ज्याला सर्व्हरवर जाऊन कॉन्फिग बदलायची आहे त्याने नक्की करा. ज्याला आयुष्यभर माउसनेच काम करायचंय आणि त्यात तो खुश आहे त्याच्या मागे लागू नका.