ऑर्किडसाठी भोकांची मातीची कुंडी : सोलापूरच्या हवेतला दोन वर्षांचा अनुभव

गेली दोन वर्षे मी ऑर्किडसाठी कडेने भोके पाडलेल्या मातीच्या कुंड्या वापरत आहे. कुंभार वेशीच्या बाजूला मिळालेल्या या कुंड्यांविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. सोलापुरात ऑर्किड जगत नाही असे जो तो सांगतो आणि त्याचा दोष इथल्या उन्हाला देतो. माझी मात्र आता खात्री झाली आहे की आपली बहुतेक रोपे उन्हाने मरत नाहीत, ती कुंडीत गुदमरून मरतात.

माझे पहिले रोप फॅलेनॉप्सिस या जातीच्या ऑर्किडचे होते. ते घरपोच आले तेव्हा प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळांभोवती स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारे वाळवलेले शेवाळ, गच्च दाबून भरलेले होते. वरचे मॉस कोरडे दिसले की मी पाणी घालत असे. पावसाळ्यात पाने सुरकुतली, तेव्हा तहान लागली असेल असे समजून आणखी पाणी घातले. शेवटी रोप उपसून पाहिले, तर मधले मॉस पिळून काढावे इतके ओले होते. एक मूळ चिमटीत धरून ओढले, तशी त्याची तपकिरी साल मोजा निघावा तशी निघून आली आणि हातात नुसती दोऱ्यासारखी शीर राहिली. मुळेच कुजल्यामुळे पाणी पानांपर्यंत पोहोचत नव्हते. ते रोप गेल्याचे मला फार वाईट वाटले.

आपल्या सह्याद्रीत ज्यांना आमरी म्हणतात त्या वनस्पतींपैकी अनेक झाडांच्या फांद्यांवर वाढतात, आणि बाजारात मिळणारी फॅलेनॉप्सिस व डेंड्रोबियम ही ऑर्किडेही मुळात तशीच. त्यांच्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखे आवरण असते. पावसाची सर आली की ते पाणी झटकन शोषते आणि पुढे वाऱ्यावर वाळते. भिजलेले मूळ हिरवे दिसते, वाळले की रुपेरी होते. पाणी कधी घालायचे हे मी आता त्या रंगावरूनच ठरवते. नेहमीच्या कुंडीत आणि त्यातही मातीत लावलेल्या रोपाच्या मुळांना हे वाळणे मिळतच नाही.

मी घेतलेली कुंडी तोंडाशी सहा इंचांची आहे. तिच्या कडेला बोटभर लांबीची दहा भोके आहेत, तळाला एक मोठे भोक आहे आणि टांगण्यासाठी काठाजवळ तीन बारीक छिद्रे आहेत. किंमत नव्वद रुपये पडली. आणल्यावर ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, नाहीतर कोरडी माती सुरुवातीचे सगळे पाणी स्वतःच पिऊन टाकते. आत मी लोणारी कोळशाचे आणि विटांचे सुपारीएवढे तुकडे घालते व त्यांत नारळाच्या सोडणाचे थोडे तुकडे मिसळते. सोडणे आधी तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवून घेते. कोकोपीट, म्हणजे सोडणाचा बारीक भुसा, घालू नये, ते भोकांतून गळून जाते आणि उरलेले चिखल धरते.

या कुंडीत लावलेल्या डेंड्रोबियमने पहिल्या पावसाळ्यातच मला उत्तर दिले. एका भोकातून हिरव्या टोकाचे मूळ बाहेर डोकावले, आठवड्याभरात वळून कुंडीच्या अंगाला चिकटले आणि भिंतीवर पाल चिकटावी तसे घट्ट बसले. ज्या दिवसांत आधीचे रोप कुजले होते, त्याच दिवसांत याला तीन नवी मुळे आली. दुसऱ्या वर्षी नऊ फुलांचा जांभळा तुरा आला. जुने, पाने झडलेले दांडे मात्र हिरवे असतील तोवर कापू नयेत, कारण त्यांवरही पुन्हा तुरा येतो.

उन्हाळ्यात मात्र ही कुंडी मालकाची परीक्षा पाहते. पारा बेचाळीसच्या पुढे गेला की सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत उडून जाते. एप्रिल-मेमध्ये मी सकाळी आणि सूर्य कलल्यावर असे दोनदा पाणी देते. गॅलरीला हिरवी शेडनेट बांधली आहे, आणि खडी व पाणी भरलेल्या ताटलीत कुंडी अशी ठेवते की तिचा तळ पाण्याला टेकत नाही. सुटीत आठ-दहा दिवस गावी जाणाऱ्यांनी शेजाऱ्यांची सोय पाहूनच ही कुंडी घ्यावी. फॅलेनॉप्सिस मी आता घरात, पूर्वेच्या खिडकीशी ठेवते. त्याच्या शेंड्यात पाणी साचू देत नाही. थंडीत रात्री गार झाल्या की जानेवारीत, इथल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, त्याचा फुलांचा दांडा दिसू लागतो.

पाण्याचा प्रश्न इथे कुंडीइतकाच महत्त्वाचा आहे. नळाला रोज पाणी नाही म्हणून आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी वापरले जाते आणि ते जड, म्हणजे क्षारांचे आहे. वर्षभरात कुंडीच्या अंगावर पांढरा थर आला आणि त्याला टेकलेल्या मुळांची टोके काळी पडली. तेव्हापासून पावसाचे पाणी पिंपात साठवते, ते संपले की नळाचे वापरते. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी कुणी देत असेल तर कृपया थांबवावे. त्यात क्षार आणखी जास्त असतात. एकोणीस-एकोणीस-एकोणीसचे (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले) खत मी लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा देते, आणि त्याआधी मुळे साध्या पाण्याने भिजवते.

कुंडीत दोष आहेतच. भोकांच्या कडा घासलेल्या नसल्याने कोवळी मुळे खरचटतात, म्हणून लावण्यापूर्वी मी त्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करते. चारपैकी एक कुंडी कच्ची भाजलेली निघाली आणि पावसाळ्यात तिचा काठ ढासळला. घेताना बोटाने वाजवून पाहावी. आवाज खणखणीत आला तरच घ्यावी.

दोन वर्षांनी सोडणाचे तुकडे कुजून बारीक होतात, तेव्हा आतले सगळे बदलावे लागते. अंगाला चिकटलेली मुळे ओढू नयेत, तुटतात. कुंडी अर्धा तास पाण्यात ठेवूनही मुळे सुटली नाहीत, तर मी कुंडीच हलक्या हाताने फोडते आणि खापरीसकट रोप नव्या कुंडीत बसवते.