पाळीनं उचलायच्या शिवराया

जुन्या नाण्यांच्या या दुकानाचं नाव सांगणार नाही. शनिवारच्या टेबलाला चारच खुर्च्या असतात आणि त्यातली एक मला हवी असते, एवढंच कारण. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चौकशी केलीत तर कोणीतरी बोट दाखवेल. पहिला मजला, लाकडी जिना, जिन्यात दिवा नाही.

मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांच्या वडिलांचा तांब्यापितळेच्या मोडीचा धंदा होता. मोडीच्या पोत्यातून नाणी निघायची, ती वडील बाजूला काढायचे, तिथून हे दुकान सुरू झालं. आजही अर्धा माल मोडवाल्यांकडूनच येतो. त्यामुळे इथे निवडून, पुसून, मखमलीवर मांडलेलं फार थोडं मिळतं आणि धुळीतलं भरपूर. मला हेच हवं असतं. बँकेत कॅशला असताना चिल्लरीच्या थैल्या उपसायची सवय लागली ती लागलीच.

काउंटरच्या काचेखाली चांदी आहे. राणीछाप, राजाछाप, म्हणजे इंग्रजी अमलातले रुपये, आणि एका वेगळ्या डबीत १९३९चा रुपया. हा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८च्या आठाचा नऊ करून विकणारे पुष्कळ. काका गिऱ्हाईकाला आधी १९३८चा अस्सल रुपया हातात देतात, मग हा, आणि भिंगाखाली शेवटचा आकडा बघायला लावतात. काट्यावर ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा, तेही करून दाखवतात. घ्या असं एकदाही म्हणत नाहीत. खरेदीच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहून देतात की नाणं खोटं निघालं तर केव्हाही परत. असं लिहून देणारा दुसरा व्यापारी मी पाहिलेला नाही. सोन्याचा होन मात्र ठेवतच नाहीत. होनाच्या हौशी प्रतिकृती इतक्या फिरतायत की रोज कोणीतरी ‘अस्सल आहे’ म्हणून घेऊन येतो आणि भांडून जातो.

आता शनिवारचं टेबल. संध्याकाळी काका एका जुन्या परातीत शिवराईंचा ढीग ओततात. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. बहुतेक दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांच्या, मराठेशाहीच्या उत्तरकाळातल्या. मधेच एखादी जाड, वजनदार, जुन्या घडणीची. किंमत सरसकट १०० रुपये. चौघांनी बसायचं आणि पाळीपाळीनं एकेक उचलायचं. भिंग एकच, ते पाळीबरोबर फिरतं. ज्याची पाळी नाही त्यानं परातीला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. उचललं की पैसे द्यायचे. परत टाकायचं असेल तर टाका, पण पाळी गेली.

ऐकायला पोरखेळ वाटतो. बसून बघा. शिवराईचा साचा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचित उतरतात. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’, पण हातात येतं ते ‘राजा’चं अर्धं आणि ‘त्र’चा कान. कुठे ‘पति’ ऱ्हस्व, कुठे ‘पती’ दीर्घ, कुठे अक्षरांची ओळच वेगळ्या ठिकाणी तुटलेली. हे सगळं परातीत उलट्यासुलट्या पडलेल्या, काळपटलेल्या नाण्यांत, समोर तीन जण टपून असताना, नुसत्या डोळ्यांनी हेरायचं. हेरल्यावर तिकडे बघायचं नाही हे महत्त्वाचं. नजर गेली की शेजारी तेच उचलतो.

आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक येतात, सर. त्यांना हवं असलेलं नाणं पूर्वेला असलं तर ते पश्चिमेच्या नाण्याचं कौतुक सुरू करतात. आता सगळ्यांना हे कळलंय, म्हणून ते कधीकधी खरोखर हव्या असलेल्या नाण्याचंच कौतुक करतात. नवी आलेली एक इंजिनिअर मुलगी आहे, ती चक्क डोळे मिटून बसते आणि पाळी आली की झटकन उघडते. तिचा हिशोब मला अजून उमगलेला नाही, पण सगळ्यात चांगल्या शिवराया तिच्याच पाकिटात आहेत. एखाद्याच्या हाती पूर्ण छाप आली की चौघांनी ती बघायची हा अलिखित नियम. सर तेव्हा आधी चडफडतात आणि मग पाच मिनिटं त्याच नाण्यावर बोलतात. ती पाच मिनिटं मला नाण्याइतकीच मोलाची वाटतात.

ऑनलाइन लिलावात मी भाग घेते, नाही असं नाही. तिथेही चुरस असते, पण समोर माणूस नसतो, नुसता आकडा वाढत जातो. हातोडा पडला की वर कमिशन, त्यावर कर, शिवाय कुरिअर. नाणं प्लास्टिकच्या सीलबंद डबीत येतं, वर नाण्याच्या अवस्थेला ७० पैकी किती गुण ते छापलेलं. ही मोजपट्टी शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९४९मध्ये तिथल्या तांब्याच्या सेंटांसाठी काढली. महागड्या चांदीच्या रुपयाला ती उपयोगी आहे, फसवणूक कमी होते. पण हातोड्यानं ठोकलेल्या शिवराईला आकडा देऊन काय कळणार? त्या डब्या घेणाऱ्यांमधली चढाओढ आकड्यांची असते. एकाचा ६४ तर दुसऱ्याला ६५ हवा.

खिडकीजवळच्या खोक्यांत स्वतंत्र भारताची नाणी आहेत, पाच-दहा रुपयांपासून. शाळकरी पोरं इथेच असतात. सालाखालची खूण टाकसाळ सांगते: पत्त्यांतली चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एवढं पाठ झालं की घरच्या चिल्लरीवरही शिकार सुरू होते. त्यांच्यात सध्या १९८५च्या रुपयावरचा बर्मिंगहॅमचा ‘एच’ आणि १९९८च्या रुपयावरचा स्लोव्हाकियाच्या टाकसाळीचा ‘एमके’ यांवरून मारामाऱ्या चालू आहेत. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं अलीकडचं नाणं लाखांना विकायला आलेल्या मोठ्या माणसांना काका खुर्ची देतात, पाणी देतात आणि रिझर्व्ह बँकेनं २०२१मध्ये अशा फसव्या जाहिरातींबद्दल काढलेला इशारा वाचायला देतात. छापून भिंतीला लावलाय.

तक्रारी आहेत. ट्यूबलाइट फडफडते, तांबं बघायला तो उजेड चालत नाही. स्वतःची टॉर्च न्यावी, काका हरकत घेत नाहीत. नाणी ते मऊ पीव्हीसीच्या पाकिटात घालून देतात. हे प्लास्टिक काही वर्षांनी आम्ल सोडतं आणि तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो. मी सांगून थकले, ‘स्वस्त पडतं हो ताई’ हे उत्तर. घरी गेल्यावर लगेच मायलारच्या, म्हणजे आम्ल न सोडणाऱ्या प्लास्टिकच्या, किंवा पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये बदलावं. आणि काउंटरवरच्या वाटीतल्या शिवराया ते चिंचेनं घासून लख्ख करतात, कारण नव्या गिऱ्हाईकाला चकचकीत आवडतं. शेदीडशे वर्षांनी चढलेला रंग पाच मिनिटांत उतरवायचा! त्या वाटीतलं काहीही घेऊ नका, २०० रुपये लावलेत तरीही. परातीतलं न घासलेलं १००चं नाणं केव्हाही सरस. छोट्या खरेदीचं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही.

गेल्या खेपेला परातीतून मला दीर्घ ‘पती’ची, दोन्ही बाजूंची अक्षरं पूर्ण असलेली एक दुदांडी मिळाली. सरांनी तिच्या बदल्यात चार शिवराया आणि लाहोर टाकसाळीचा भोकाचा पैसा देऊ केलाय. भोकाच्या पैशाला मला तसा मोह आहे. अजून हो म्हटलेलं नाही, त्यांना पाचवी शिवराई सुचेपर्यंत थांबणार आहे.