जुन्या डिझेल पंपासाठी फ्लुओरोरबरचे सील किट : दीड वर्षाच्या वापरानंतर

माझ्या गाडीचा डिझेल पंप गळू लागला तेव्हा जमिनीवर एकही ठिपका नव्हता. फक्त रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होईनाशी झाली होती. बॅटरी, ग्लो प्लग आणि फिल्टर या नेहमीच्या संशयितांवर खर्च करून झाल्यावर एका मेकॅनिकने गाडी कुठून तरी एअर घेत असल्याचे सांगितले, आणि फिल्टर ते पंप या टप्प्यात पारदर्शक नळी बसवून दिली. इंजिन चालू असताना त्या नळीत एकही बुडबुडा दिसत नव्हता, मात्र सकाळी पंपाच्या तोंडाशी बोटभर लांबीची हवेची पोकळी तयार झालेली असे. याचा अर्थ हवा फिल्टरकडून येत नव्हती. ती पंपाच्या वरच्या झाकणातून आत शिरत होती आणि तिच्या जागेचे डिझेल रात्रीतून टाकीकडे परत उतरत होते. पंप पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि इंजिन दहा मिनिटे चालवले, तेव्हा झाकणाच्या कडेने एक ओली रेघ उमटलीच. पंप पूर्ण रिकंडिशन करावा, असा सल्ला अर्थातच मिळाला. तो बाजूला ठेवून मी फ्लुओरोरबरचे (फ्लोरिनयुक्त कृत्रिम रबराचे) सील किट, म्हणजे गळती रोखणाऱ्या रिंगा आणि गॅस्केटांचा संच, मागवले.

हा व्हीई जातीचा (बॉशच्या रचनेचा, एकाच प्लंजरने सगळ्या सिलिंडरना इंधन वाटणारा) रोटरी पंप आहे. त्याला वेगळे वंगण लागत नाही, कारण आतून वाहणारे डिझेलच त्याचे वंगण असते. त्यामुळे त्याच्या प्रत्येक रबरी भागाला वर्षानुवर्षे डिझेलमध्ये बुडून राहावे लागते. जुन्या पंपांत हे भाग नायट्राइल रबराचे (तेलाच्या कामासाठीच्या नेहमीच्या कृत्रिम रबराचे) असत. नायट्राइल डिझेलमधील ॲरोमॅटिक घटक (बेंझीनच्या जातीची संयुगे) शोषून किंचित फुगते आणि त्या फुगवट्यावरच जागा घट्ट धरून बसते. कमी गंधकाचे डिझेल तयार करण्याच्या प्रक्रियेत ते घटक बरेच कमी झाले, तेव्हा फुगलेल्या जुन्या रिंगा आकसल्या, आणि ज्या आधीच उष्णतेने कडक झाल्या होत्या त्यांना पुन्हा फुलून जागा भरणे जमले नाही. फ्लुओरोरबर इंधनात फारसे फुगत नाही आणि म्हणून फारसे आकसतही नाही. शिवाय नायट्राइल साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या पुढे कडक होत जाते, तर फ्लुओरोरबर २०० अंशांपर्यंत तग धरते. कडाक्याच्या थंडीत मात्र ते ताठर होते, हा त्याचा उणेपणा.

किटमध्ये वरच्या झाकणाचे गॅस्केट, हेडची (पंपाच्या ज्या भागातून इंजिनाकडे इंधनाच्या नळ्या निघतात त्याची) मोठी ओ-रिंग, थ्रॉटलच्या दांड्याच्या बारीक रिंगा, ॲडव्हान्स पिस्टनच्या (वेगाप्रमाणे इंधन फवारण्याची वेळ पुढे-मागे करणाऱ्या) झाकणांच्या रिंगा, तांब्याचे वॉशर आणि मुख्य शाफ्टचे ऑइल सील एवढे सामान होते. सगळे एकाच पिशवीत, एकाही भागावर क्रमांक नाही, सोबत साधा आकृतीचा कागदही नाही. जेमतेम पाव मिलिमीटरचा फरक असलेल्या दोन रिंगा व्हर्नियरने मोजून वेगळ्या कराव्या लागल्या, आणि या एका गोष्टीसाठी मी या उत्पादनाचे गुण निश्चित कापतो. माल खरोखर फ्लुओरोरबरचा आहे का, हीही शंका होतीच, कारण रंगावरून काहीच ठरत नाही. फ्लुओरोरबर वजनाला भारी असते. त्याची घनता १.८ च्या आसपास, तर नायट्राइलची १.२ ते १.३. सारख्या मापाची एक नायट्राइलची रिंग आणि किटमधली रिंग सोनाराकडे असतो तशा छोट्या काट्यावर आळीपाळीने ठेवल्या, तेव्हा किटमधली जवळजवळ दीडपट भरली. त्या क्षणी विक्रेत्यावरचा माझा राग बराच निवळला.

बसवण्याचे काम घाईचे नाही. वरचे झाकण काढण्यापूर्वी थ्रॉटलचा लिव्हर त्याच्या दात्यांवर नेमका कुठे बसला आहे याची खूण करून ठेवावीच लागते, कारण एका दात्याचा फरक पडला तरी इंजिनाची चाल बिघडते. आणि झाकण उचलताना आतली गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग त्याला अडकलेली असते, ती हलक्या हाताने सोडवावी लागते. हेडची रिंग बदलताना हेड काही मिलिमीटरच बाहेर घ्यायचे; हावरटपणे ओढले तर आतले भाग जागा सोडतात आणि मग पंप खरोखरच टेबलावर न्यावा लागतो. मी झाकणाचे गॅस्केट आणि थ्रॉटलच्या रिंगा स्वतः बसवल्या. हेडचे काम मात्र पंपाच्याच कारागिराकडून करून घेतले, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. जुने गॅस्केट निघाले ते नखाने मोडण्याइतके ठिसूळ झाले होते. पंपाखालून जाणारी कूलंटची नळीही बदलली, कारण ती डिझेलने भिजून पिठाच्या गोळ्यासारखी मऊ झाली होती; ती नळी डिझेलसाठी बनवलेलीच नसते.

याच सुमारास क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधूनही ऑइल पाझरत होते, म्हणून गळती थांबवणारी एक बाटली इंजिन ऑइलमध्ये ओतून पाहिली. अशा बाटल्यांतील द्रव्ये कडक झालेले रबर थोडे मऊ करून फुगवतात. सीलचा शाफ्टला टेकणारा ओठ फाटलेला असेल किंवा शाफ्टवरच खाच पडलेली असेल, तर त्यांचा काही उपयोग नसतो. माझ्या गाडीत महिनाभर फरक जाणवला नाही. नंतर क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारा भाग) काढून पाहिला तर तो काजळीमिश्रित चिखलाने जवळजवळ बुजलेला होता. आतला दाब बाहेर पडायला वाट नसल्याने तो सीलमधूनच ऑइल बाहेर ढकलत होता. ब्रीदर डिझेलने धुऊन बसवला, आणि त्या सीलला हातही न लावता पाझर जवळजवळ थांबला. गिअरबॉक्स उतरवून ते सील बदलायला मी तयार झालो होतो, हे आठवले की अजूनही अंगावर काटा येतो.

किट बसवल्याला आता दीड वर्ष झाले. गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, पारदर्शक नळीतली पोकळी दिसेनाशी झाली आहे आणि पंपावर हात फिरवला तर बोटे कोरडी राहतात. शाफ्टचे ऑइल सील मात्र मी वापरले नाही. जुने कोरडे आहे, आणि ते बदलायचे तर टायमिंग बेल्ट काढून पंप उतरवावा लागतो आणि परत बसवल्यावर डायल गेज (सूक्ष्म सरक मोजणारे घड्याळी माप) लावून टायमिंग नव्याने जुळवावे लागते. बेल्ट बदलण्याची वेळ येईल तेव्हा तेही होईल. तोवर ते सील त्याच पिशवीत, उजेडापासून दूर, अवजारांच्या पेटीत पडून आहे.