हिमोग्लोबिन उतरलं: डॅप्सोन चालू ठेवायची की सोडायची?

कुष्ठरोगाचं औषध सुरू होऊन दोन महिने होतात, रक्ताचा रिपोर्ट येतो. हिमोग्लोबिन ११ वरून साडेनऊवर. घरात लगेच सूर लागतो, 'या गोळ्या मानवत नाहीत, बंद करू या.' कृपा करून सगळं पाकीट बंद करू नका. त्यात डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन अशी तीन औषधं आहेत आणि रक्ताशी तिघांचं वागणं अगदी वेगळं आहे. प्रश्न असलाच तर त्यातल्या एकाचा असतो, आणि बहुतेक वेळा ती डॅप्सोन असते.

डॅप्सोन रोज घ्यायची, मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम. शरीरात तिच्यापासून जो घटक तयार होतो तो तांबड्या पेशींना वेळेआधी फोडतो. म्हणून जवळजवळ प्रत्येकाचं हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने खाली येतं आणि बऱ्याच जणांचं तिथेच स्थिरावतं. १३ वरून ११ झालं तर मी गोळी सोडायला सांगणार नाही. पण जिचं मुळातच ८ आहे तिला हे दोन ग्रॅम झेपत नाहीत. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर पेशी फारच झपाट्याने फुटतात. लघवी काळसर होते, डोळे पिवळे दिसतात. विदर्भात, जिथे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आढळतो, तिथे तर औषध सुरू करण्याआधीच रक्त तपासून घेण्याचा आग्रह धरा. एकदा सुरुवातीचा आकडा कागदावर असला की पुढची घसरण नेमकी कळते.

डॅप्सोनने ओठ-नखं निळसर पडू शकतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकतं आणि ऑक्सिजन लावूनही फारसं वर जात नाही, कारण दोष फुप्फुसात नसून हिमोग्लोबिनच्या बदललेल्या रूपात असतो. मधुमेह असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: पेशी लवकर मरत असल्याने एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) खोटं कमी येतं. साखर आटोक्यात आली असं समजून फसू नका, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर पाहा.

खरी भीती दोन गोष्टींची. पहिल्या तीन महिन्यांत ताप, घसादुखी, तोंडात फोड आले तर पांढऱ्या पेशी कोसळल्या असू शकतात. गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासा. साधारण महिना-दीड महिन्यात ताप, अंगभर पुरळ, गळ्यात गाठी आणि कावीळ असं सगळं एकत्र आलं तर ती डॅप्सोनची तीव्र ॲलर्जी. पुन्हा कधीच घ्यायची नाही.

इथे 'रिॲक्शन' या शब्दाने फार घोळ होतो. ताप येऊन त्वचेवर दुखऱ्या गाठी उठणं, नस दुखणं ही बहुधा रोगाचीच रिॲक्शन असते, औषधाची नव्हे. त्यात एमडीटी, म्हणजे या तीन औषधांचा एकत्र उपचार, चालूच ठेवतात.

रिफाम्पिसिन महिन्यातून एकदा, ६०० मिलिग्रॅम. रक्तावर तिचा त्रास क्वचित होतो, पण झाला तर गंभीर: डोसनंतर काही तासांत अंगावर जांभळे ठिपके, हिरड्यांतून रक्त, म्हणजे प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरल्या असणार. तपासणीत तसं ठरलं तर ती कायमची बंद.

क्लोफाझिमिन रक्ताला जवळपास हात लावत नाही. तिची किंमत त्वचा मोजते: रंग तांबूस-काळसर होतो, कातडी कोरडी पडते. चेहऱ्यावरून रोग ओळखला जाईल म्हणून लोक, विशेषतः लग्नाच्या वयातल्या मुली, तिला घाबरतात, आणि ती भीती मला खोटी वाटत नाही. कोर्स संपल्यावर काही महिन्यांत रंग उजळू लागतो, पूर्ण जायला वेळ लागतो.

आता तोलून पाहा. डॅप्सोन गेली तर बहुजीवाणू प्रकारात (शरीरात जंतू जास्त असलेल्या कुष्ठरोगात) उरलेली दोन औषधं तेच १२ महिने पुरतात. तोटा लहान आहे, म्हणून हिमोग्लोबिन धोकादायक उतरलं तर तिला धरून बसू नये. रिफाम्पिसिन गेली तर क्लोफाझिमिनसोबत ओफ्लॉक्सासिन, मिनोसायक्लिन अशी रोजची औषधं घ्यावी लागतात आणि उपचार २४ महिन्यांवर जातो. म्हणून तिच्यावर नुसत्या संशयाने काट मारू नका, प्लेटलेट्स मोजूनच ठरवा. सगळंच सोडलं तर नसा बधिर होत राहतात, आणि वाकडी झालेली बोटं रक्तासारखी भरून येत नाहीत.

जे औषध बंद झालं त्याचं नाव कार्डावर ठळक लिहून घ्या. डॅप्सोन त्वचेच्या इतर आजारांतही देतात. उद्या दुसरा डॉक्टर तीच गोळी लिहून देऊ शकतो.