नागपूरदर्शन: नकाशाआधी कॅलेंडर बघा

नागपुरात बघण्यासारखं काय, असं विचारलं की निम्मे नागपूरकरच ‘इथं काय ठेवलंय, रामटेकला जाऊन या’ म्हणून मोकळे होतात. हे काही खरं नाही. १७०२ साली गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेलं हे शहर पुढे भोसल्यांची राजधानी झालं, मग मध्य प्रांताची, आणि आता ते राज्याची उपराजधानी आहे. एवढे धनी बदललेल्या गावात ऐवज असणारच. अडचण वेगळीच आहे. इथली बरीच ठिकाणं ठरावीक दिवशीच उघडतात, नाहीतर ठरावीक दिवशीच रंगात येतात. दिवस चुकला की कुलूप बघून परत.

सीताबर्डीचा किल्ला त्याचा पहिला नमुना. तो सैन्याच्या ताब्यात आहे. सर्वसामान्यांना आत सोडतात ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. एरवी कुणी ऑटोवाला ‘किल्ला दाखवतो’ म्हणाला तर तो फाटक दाखवेल. खुल्या दिवशी ओळखपत्र घेऊन सकाळीच रांगेत लागा, दुपारी गर्दी आणि ऊन दोन्ही वाढतात. मात्र रायगड-प्रतापगडाच्या अपेक्षेने जाऊ नका. २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज इथं लढले तेव्हा हा किल्ला नव्हताच, होत्या त्या दोन उघड्या टेकड्या. तटबंदी इंग्रजांनी लढाई जिंकल्यावर बांधली. वर उभं राहून धाकटी टेकडी आणि मोठी टेकडी किती जवळ आहेत ते बघा, म्हणजे धाकटी हातची गेल्यावर इंग्रजांची का तारांबळ उडाली ते कळतं. तारीख जुळत नसेल तर पायथ्याच्या टेकडी गणपतीला जा. तो रोज भेटतो.

झिरो माइलला दहा मिनिटं पुरतात, पण ती नीट वापरा. बहुतेक लोक चार घोड्यांसमोर फोटो काढतात, ‘हा भारताचा मध्य’ असं एकमेकांना सांगतात आणि निघतात. घोडे राहू द्या, खांबाच्या षटकोनी जोत्याजवळ जा. त्यावर १०२०.१७१ फूट ही समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, म्हणजे साधारण ३११ मीटर. हा १९०७ सालचा सर्वेक्षणाचा दगड, उंची मोजायचं प्रमाण. बाजूंवर गावांची अंतरं आहेत. त्यात चंद्रपूर ‘चांदा’ म्हणून सापडतं. तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात, म्हणून सकाळी किंवा चारनंतर जा. मेट्रोचं झिरो माइल स्टेशन जवळच आहे.

तिथूनच अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय. सोमवारी बंद. मूर्ती, शिलालेख आणि गोंड आदिवासींच्या वस्तू बघा, पेंढा भरलेल्या प्राण्यांसमोरून भरभर पुढे गेलात तरी चालेल. सिव्हिल लाइन्सचा हा सगळा भाग डिसेंबरात, हिवाळी अधिवेशन सुरू असताना, टाळाच. मोर्चे, अडथळे, वळवलेले रस्ते. दहा मिनिटांच्या वाटेला तास लागू शकतो.

दीक्षाभूमी मात्र कुठल्याही दिवशी बघावी अशी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आजचा स्तूप २००१ साली खुला झाला. सांचीच्या धर्तीचा आहे, पण एक मोठा फरक आहे. सांचीचा स्तूप भरीव, त्याला फक्त प्रदक्षिणा घालता येते. हा आतून पोकळ आहे, घुमटाखाली जाऊन बसता येतं. साधं कुजबुजलं तरी आवाज घुमतो, तेव्हा फोन बंद ठेवा. आत जाताना पादत्राणं बाहेर काढावी लागतात आणि उन्हाळ्यात दुपारी फरशी चांगलीच पोळते. सोबत मोजे ठेवा किंवा सकाळी नऊच्या आत या. शांतपणे बघायचं असेल तर साधा कामाचा दिवस निवडा. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, स्तूपाजवळ पोचणंच अवघड असतं, पण त्या दिवसाची मजा स्तूपात नाहीच, ती बाहेरच्या पुस्तकांच्या दुकानांत आहे. भाकरी बांधून आलेली माणसं पिशव्या भरून पुस्तकं नेतात. असा बाजार दुसरीकडे सहसा दिसत नाही. त्या आठवड्यात हॉटेल आधीच ठरवा. मेट्रोने यायचं तर राहाटे कॉलनीला उतरा, पुढे ऑटो.

महाल या जुन्या वस्तीत मेट्रो जात नाही आणि गाडी नेण्यात अर्थ नाही. गांधी दरवाजापासून पायीच सुरुवात करा. भोसल्यांच्या वाड्यात कुटुंबाचं राहणं आहे, तो बाहेरूनच बघायचा. रुक्मिणीच्या देवळात थांबा, गल्ल्यांमधल्या उरल्यासुरल्या वाड्यांचे लाकडी खांब आणि तुळया बघा आणि गांधीसागरवर या. जुने लोक त्याला शुक्रवारी तलाव म्हणतात. दोन तास पुरे. फलक कमी आहेत, त्यामुळे पानठेल्यावर विचारणं हाच खरा नकाशा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आलात तर नशीबवान. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबत चालू राजकारणाची खिल्ली उडवणारे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी. उंचावरची गॅलरी मिळाली तर सोडू नका. रस्त्यावर लहान पोरांना घेऊन उभं राहणं मात्र शहाणपणाचं नाही.

खाण्याचं थोडक्यात. सकाळी तर्री पोहे. तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, वेगळी मागा, नाहीतर पोह्यांचा चिखल होतो. सांबारवडी मागितल्यावर इडलीवाला सांबार शोधू नका. इथं सांबार म्हणजे कोथिंबीर. सावजी, म्हणजे इथलं झणझणीत मसाल्याचं जेवण, रात्रीसाठी ठेवा आणि ऑर्डर देतानाच ‘तिखट कमी’ सांगा. वरचं तेल बाजूला केलं तरी तिखटपणा जात नाही, तो मसाल्यात असतो. संत्री हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. साल सैल, फुगीर हवी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा ना ताजी संत्री ना पायी फिरणं.

आणि रामटेक. अंतर पन्नासेक किलोमीटर, गणेशपेठेतून एसटी मिळते. गाडी गडावर जाते, पण पायऱ्यांनी चढलात तर अंबाळा तलाव दिसतो. माकडं प्रसादाची पिशवी हिसकावतात, ती झोळ्यात आत ठेवा. लोक रामाचं दर्शन घेऊन उतरतात आणि गडावरची सर्वात जुनी वस्तू बघतच नाहीत. ती म्हणजे केवल-नरसिंह आणि रुद्र-नरसिंह, पाचव्या शतकातली, वाकाटक राजांच्या काळातली बुटकी, जाड भिंतींची दोन देवळं. शेजारी लाल दगडाचा प्रचंड वराह आहे, त्याच्या पोटाखालून पापी माणूस जात नाही म्हणतात. अडकलात तर पापापेक्षा पोटाचा दोष मानावा. जाळीतून नरसिंहाची मूर्ती पाहायला टॉर्च लागते, मोबाइलची चालेल. परतीची शेवटची एसटी किती वाजता ते वर चढण्याआधीच स्टँडवर विचारून ठेवा.