लिम्फोमाच्या चाचण्या: औषध वाढवायचं की बदलायचं?

डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा या लसीका पेशींच्या कर्करोगावर आर-चॉप हा पाच औषधांचा ठरलेला उपचार. तो सुधारायचा तर सहावं औषध जोडा, नाहीतर एक काढून त्याजागी दुसरं द्या.

जोडण्याचं उदाहरण म्हणजे फिनिक्स चाचणी (२०१९). आर-चॉपसोबत इब्रुटिनिब हे सहावं औषध दिलं, पण एकूण रुग्णांत फायदा दिसला नाही. साठीच्या आतल्यांना झाला. त्यापुढच्यांना दुष्परिणाम इतके की मूळ केमोचेच डोस पूर्ण होईनात. मग दोष इब्रुटिनिबचा की अर्धवट राहिलेल्या केमोचा?

बदलण्याचं उदाहरण म्हणजे पोलॅरिक्स चाचणी. तिच्यात आर-चॉपमधलं व्हिन्क्रिस्टिन काढून पोलाटुझुमॅब व्हेडोटिन दिलं. ही दोन्ही औषधं मज्जातंतूंना त्रास देणारी, तेव्हा एकत्र न देण्यातच शहाणपण. ८७९ रुग्णांची चाचणी. दोन वर्षं आजार न बळावता राहिलेले नव्या गटात ७६.७ टक्के, आर-चॉपवर ७०.२. जिवंत राहण्याचं प्रमाण मात्र दोन वर्षांनी जवळपास सारखंच. पांढऱ्या पेशी घटून ताप येणंही नव्या गटात जास्त.

मला बदलण्याची रचना अधिक पटते, कारण अंगावरचा भार फारसा वाढत नाही. अर्थात व्हिन्क्रिस्टिन ठेवून पोलाटुझुमॅब जोडलं असतं तर काय झालं असतं, हे तिच्यातून कळत नाही.