नवे-जुने एकाच टेबलावर: डी अँड डी, कथुलू की डंजन वर्ल्ड?

पाच जण जमलेत, त्यातले दोघं कित्येक वर्षं खेळतायत, तिघांनी वीस बाजूंचा फासा आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलाय, आणि टेबलावरचा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एक कॅरेक्टर घेऊन बोलत-बोलत, फासे टाकत गोष्ट खेळायची, तो चालवायचाय तुम्हाला. आता सिस्टीम, म्हणजे नियमांचा संच, कुठली घ्यायची? मी तिन्ही अशाच मिक्स ग्रुपसोबत चालवल्यात म्हणून हे लिहितोय, आणि माझी मोजपट्टी एकच आहे. लहानपणी गल्लीत खेळताना धाकट्या भावंडांना आपण कच्चा लिंबू करायचो ना, म्हणजे तो पळणार, ओरडणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही, आणि त्याला बिचाऱ्याला बरोबर कळायचं की आपण खरं खेळतच नाहीयोत. तर ज्या सिस्टीममध्ये नवीन माणूस कच्चा लिंबू होत नाही ती चांगली, बाकी सगळं नंतर.

पहिली अर्थातच डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती. बहुतेक नवीन लोक हेच नाव ऐकून आलेले असतात आणि त्यांचा तो उत्साह खरंच मोलाचा असतो, त्यांना पहिल्याच दिवशी दुसरं काहीतरी वाढलं तर काही जण हिरमुसतात. बेसिक नियम फुकट मिळतात. २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये पाच तयार कॅरेक्टर आहेत (दोन फायटर म्हणजे लढवय्ये, एक रोग म्हणजे चोरटा, एक क्लेरिक म्हणजे पुजारी, एक विझार्ड म्हणजे जादूगार), त्यामुळे कॅरेक्टर बनवण्यातच पहिली संध्याकाळ जात नाही. पण एक सांगतो, त्या सेटची सुरुवातच चार गॉब्लिनच्या (छोट्या राक्षसांच्या) हल्ल्याने होते आणि तो हल्ला नवख्यांसाठी सोपा अजिबात नाही. गॉब्लिनच्या एका वाराचं डॅमेज सहा बाजूंचा फासा अधिक दोन, म्हणजे एरवी जास्तीत जास्त ८, आणि पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे एकूण हिट पॉइंटच, म्हणजे मार सोसायची ताकदच, साधारण तेवढे असतात. मी आता तिथे दोनच गॉब्लिन ठेवतो.

खरी अडचण वेगळी आहे. विझार्डकडे पहिल्याच लेव्हलला तीन कँट्रिप (हवे तितक्या वेळा टाकायचे छोटे मंत्र), पुस्तकात सहा स्पेल म्हणजे मोठे मंत्र, त्यातले काही आधी प्रिपेअर म्हणजे निवडून तयार ठेवायचे, आणि ते टाकायच्या संधी, म्हणजे स्लॉट, फक्त दोन. वर लढाईत काय कधी करता येतं त्याचे प्रकार, ॲक्शन, बोनस ॲक्शन, रिॲक्शन. नवीन माणूस शीटकडे, म्हणजे कॅरेक्टरच्या माहितीच्या कागदाकडे, बघत बसतो, शांतता पसरते, आणि मग जुना खेळाडू, वाईट हेतू काहीच नसतो त्याचा, म्हणतो "अगं तू मागे सरक आणि स्लीप टाक, तिघं तरी झोपतील". बरोबरच असतं त्याचं, २०१४ च्या नियमांत स्लीप खरंच तेवढा जबरदस्त आहे. पण पत्ते खेळताना मागे बसून "ते टाक, ते टाक" सांगणारा काका आठवा. डाव जिंकला तरी तो आपला नसतो. माझ्या टेबलावरची एक मैत्रीण दुसऱ्या सेशननंतर म्हणाली की मी फक्त फासा टाकायला येते का? ते मला फार लागलं. "नवीन आहे ना, त्याला फायटर द्या" हा सल्लाही मला पटत नाही, जादू करायची म्हणूनच ती आली होती, तिला तलवार कशाला द्यायची? त्यापेक्षा तिच्या शीटवरचे फक्त तीन स्पेल एका कार्डावर मराठीत लिहून द्या, बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला.

मात्र डी अँड डीची एक गोष्ट लोक विसरतात. इनिशिएटिव्ह, म्हणजे फासे टाकून ठरलेला पाळ्यांचा क्रम. लढाईत प्रत्येकाची पाळी येतेच, कितीही लाजरा माणूस असला तरी. हे पुढे लागणार आहे.

कॉल ऑफ कथुलू. १९८१ पासूनचा गेम, १९२० च्या दशकातली साधी माणसं, पत्रकार, प्राध्यापक, डॉक्टर, आणि त्यांच्या समोर येणारं भयंकर काहीतरी. सातव्या आवृत्तीचा नियम तीस सेकंदांत सांगून होतो: शीटवर "स्पॉट हिडन ६०" (लपलेलं दिसण्याचं कसब) लिहिलंय, शंभरचे फासे (दहा बाजूंचे दोन) टाक, ६० किंवा कमी आलं तर दिसलं. अवघड असेल तर निम्मं म्हणजे ३०, फारच अवघड असेल तर पाचवा हिस्सा म्हणजे १२. टक्के सगळ्यांना कळतात, कोणाला समजावायला लागत नाही. आणि इथे लेव्हल नाहीत! जुन्या खेळाडूचं कॅरेक्टर दहा सेशन जगलं म्हणून ते गोळी लागल्यावर वाचत नाही, हिट पॉइंट तेव्हाही दहा-बाराच आणि पिस्तुलाचं डॅमेज दहा बाजूंचा फासा. तिसऱ्या महिन्यात कोणी नवीन आलं तरी ते पहिल्या दिवसापासून बरोबरीचं.

क्विक-स्टार्ट, म्हणजे सुरुवातीपुरती छोटी पुस्तिका, फुकट आहे, त्यात एका झपाटलेल्या घराची गोष्ट आहे, मूळ बोस्टनची. मी ती उचलून गिरगावात आणली, १९२० ची मुंबई, आणि मला वाटतं हा माझा सगळ्यात चांगला निर्णय होता. कारण जुने दोघं सवयीने "दार फोडू का" विचारत होते आणि पहिल्यांदाच खेळणारी एक जण, जी वकिलाकडे काम करते, तिने सरळ विचारलं की या घराची जुनी खरेदीखतं कुठे बघायला मिळतील, आधीचे मालक कोण होते? दुसरा म्हणाला मी टाउन हॉलमध्ये एशियाटिकच्या लायब्ररीत जाऊन जुनी वर्तमानपत्रं काढतो. अर्धा तास टेबल नवीन लोकांनी चालवलं. नियम न कळताही. रोजच्या आयुष्यातलं शहाणपण इथे थेट कामाला येतं, डी अँड डीत ते इतक्या सहज होत नाही.

तोटे आहेत. भीतीचा मूड नाजूक असतो, एका जुन्या खेळाडूने मध्येच चेष्टा सुरू केली की संपलं, त्यामुळे त्याच्याशी आधी बाजूला बोलून घ्या. सॅनिटी, म्हणजे कॅरेक्टरच्या मनाचा तोल, गेली की थोडा वेळ कॅरेक्टरचा ताबा खेळाडूकडे राहत नाही, काहींना हे आवडतं, काहींना मनापासून खटकतं. आणि भीतीचा गेम म्हणजे कोणाला काय नको हे आधी विचाराच, लहान मुलांना इजा, किडे, जे काय असेल ते. टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड ठेवायची पद्धत आहे, कोणीही हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. मी ते कार्ड आता तिन्ही गेममध्ये ठेवतो.

डंजन वर्ल्ड, २०१२ चा. दोन साधे सहाचे फासे, लुडोतले चालतात (डॅमेजला बाकीचे लागतात). १० किंवा वर आलं की जमलं, ७ ते ९ म्हणजे जमलं पण काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा खाली म्हणजे गडबड. गेम चालवणारा हे फासे टाकतच नाही. नवीन माणसाला हे इतकं पटकन जमतं की बघायला आनंद होतो, कारण त्याने फक्त "मी काय करतो" एवढंच सांगायचं. अडखळतात ते जुने, "माझी पाळी कधी" विचारत राहतात, आणि पाळीच नसते. इथेच तो लाजरा माणूस हरवतो. बोलके दोघं गोष्ट ओढत नेतात आणि तो तीन तास चहा पीत बसतो, तुम्ही दर पाच मिनिटांनी त्याचं नाव घेऊन "आणि तू काय करतोयस?" विचारलं नाहीत तर इथे डी अँड डीपेक्षा वाईट अवस्था होते. शिवाय फाशांच्या बेरजेत कॅरेक्टरच्या गुणाचा अधिक एक मिळत असताना ७ ते ९ येण्याची शक्यता ४४ टक्के आहे, म्हणजे जवळजवळ दर दुसऱ्या वेळी ती "किंमत" तुम्हाला जागेवर सुचली पाहिजे. पहिल्यांदाच गेम चालवणाऱ्याला मी हे सांगणार नाही, डोकं शिणतं.

पाथफाइंडरची दुसरी आवृत्तीही कोणीतरी सुचवेलच. पाळीला सरळ तीन ॲक्शन, हे डी अँड डीपेक्षा समजायला सोपं आहे आणि नियम सगळे ऑनलाइन फुकट. पण दर लेव्हलला निवडायच्या फीट्सचा (खास कसबांचा) डोंगर बघून नवखे दमतात आणि जुन्यांचा अभ्यास लगेच वरचढ ठरतो, म्हणून मिक्स ग्रुपला मी नाही देणार.

मग घ्यायचं काय. तुम्ही स्वतः नवीन असाल आणि ग्रुपमध्ये गप्प माणसं जास्त असतील तर डी अँड डी घ्या, तयार कॅरेक्टर, स्पेलची कार्डं, आणि जुन्यांना पहिल्याच दिवशी सांगा की विचारल्याशिवाय चाल सांगायची नाही. ग्रुप बोलका असेल आणि तुम्हाला जागच्या जागी गोष्ट रचायची सवय असेल तर डंजन वर्ल्ड. नाहीतर, आणि माझं मन इथेच जातं, कथुलूची ती एकच गोष्ट एका रविवारी खेळून बघा, फार तर दोन बैठका लागतील, कोणी कोणाला वचन देऊन अडकत नाही. जुन्यांपैकी एकाला आधी फोन करून म्हणा, "अरे, या वेळी तू नियम सांगू नकोस, तू फक्त सगळ्यात आधी घाबर." त्याला काम मिळतं, नव्यांना जागा मिळते. आणि शीट प्रिंट करताना दोन जास्तीच्या काढा, पहिल्या सेशनला कोणीतरी मित्राला घेऊन येतंच.